काका म्हणाले "एका दिवसाचं काम": गोव्यातली सही आणि आजीच्या लग्नाची नोंद

निकाल आधी सांगते, रडगाणं मागाहून. गोव्यात लग्नाची नोंदणी एका फेरीत होत नाही. कोणी कितीही छातीठोकपणे सांगो, होत नाही. आमच्या काकांनी फोनवर सांगितलं होतं, "सकाळी या, सही मारा, दुपारी हुमण-भात जेवून सुटा." त्यावर विसंबून मी, होणारी वहिनी आणि वहिनीचे बाबा पुण्याहून रात्री निघालो. लग्न दादाचं; तो गावच्या घरीच असतो, कुळागर म्हणजे माडा-पोफळींची बाग सांभाळतो. साडेचारशे किलोमीटर, शेवटी चोर्ला घाट, तोही पावसाळ्यात, धुक्यात. बोनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. हेच सगळं पंधरा दिवसांनी पुन्हा करावं लागलं.

कारण असं. गोव्यात अजून 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना. सप्तपदी, मंगळसूत्र, पाचशे पानं, हे सगळं तुमच्या हौसेचं. हिंदूंचं कागदावर लग्न होतं ते तालुक्याच्या नागरी निबंधकासमोर, आणि दोन सह्यांनी. पहिल्या सहीला फक्त "आम्ही लग्न करू इच्छितो" एवढंच जाहीर होतं. मग नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर त्याने घ्यावी म्हणून. पंधरा दिवस गेले की दुसरी सही, आणि तीच खरी. मधल्या काळात तुम्ही नवरा-बायको नाही. गावात "सही झाली" म्हणून पेढे वाटतात ते बहुतेक पहिल्या सहीचे, तेव्हा पेढा खाताना कितवी सही ते विचारा. काकांची स्वतःची दुसरी सही झाली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.

पहिल्या सहीचं काम मात्र सोपं. दोघांचे जन्मदाखले, रहिवासी दाखले, ओळखपत्रं, साक्षीदार. दोघांपैकी एक तरी त्या तालुक्यात राहणारा हवा. कोणत्या जोडप्याला आणखी काय लागेल ते आदल्या आठवड्यात फोन करून विचारा, काकांना नव्हे, कार्यालयाला. साडेनऊला दारात असलात तर जेवणाच्या सुटीआधी मोकळे व्हाल. आम्ही झालो. याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र चहाच्या टपरीवर नव्हे, घरी बसून बोलून घ्या. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल, तर या कायद्याने दोघांची मालमत्ता एक होते. आधीची, नंतरची, वडिलोपार्जित, सगळी, निम्मी-निम्मी. लग्न झाल्यावर करार करता येत नाही. टपरीवर दादाने हे सहज सांगितलं आणि वहिनीच्या बाबांनी कप खाली ठेवला. कोथरूडचा फ्लॅट वहिनीच्या नावावर आहे. पुढचा तासभर गाडीत कोणी बोललं नाही. (शेवटी करार केला नाही. वहिनी म्हणाली, "मग कुळागर पण निम्मं माझं," आणि विषय संपला.)

आता खरा वैताग.

आजोबांच्या नावावरच्या जमिनीची वाटणी व्हायची आहे. गोव्यात त्याला इन्व्हेंटरी म्हणतात आणि त्यासाठी आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद लागते, कारण जमिनीचा निम्मा हिस्सा मुळात आजीचा. म्हणून त्याच फेरीत तीही काढायची ठरवली. घरात माहिती एवढीच : लग्न वैशाखात, 1937 च्या आसपास, याच तालुक्यात.

कार्यालयाबाहेर एक गृहस्थ भेटले. काखेत फाइल, खिशात तीन पेनं, बोलणं लाघवी. "बाय, ती पुस्तकं आत माडीवर आहेत, वाळवी लागलीय, कोणी हात लावत नाही. मी काढून देतो." चार हजार. दीड हजार आगाऊ दिले. हो, दिले, रात्रभर गाडी चालवून डोकं चालत नव्हतं. दुपारी चारपर्यंत गृहस्थ आलेच नाहीत, फोन उचलला नाही. शेवटी मी आत जाऊन खिडकीवर विचारलं. उत्तर एका वाक्यात मिळालं : एवढ्या जुन्या सालातली पुस्तकं इथे नाहीत, पणजीला पुराभिलेख खात्यात गेली. हा प्रश्न सकाळी विचारला असता तर दीड हजार आणि एक दिवस दोन्ही वाचलं असतं. फाइलवाल्यांना काही देऊ नका, आगाऊ तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवशी कदंबाची बस पकडून पणजी. गाडी नेऊ नका, तिथे पार्किंगपायी वेडं व्हायची पाळी येते. अर्ज भरला, आडनाव लिहिलं, साल लिहिलं. सापडलं नाही. मागचं साल, पुढचं साल, तरी नाही. कर्मचाऱ्यांची काही चूक नव्हती. मी जे लिहून देत होते तेच चुकत होतं.

बाजूला एक म्हातारे बसले होते. तिथली निम्मी माणसं लिस्बनच्या कागदांसाठी आलेली असतात. आई-वडील किंवा आजी-आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मले असतील, तर पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जुन्या नोंदी लागतात. त्यामुळे या लोकांचा अभ्यास दांडगा. त्यांनी माझा अर्ज बघितला आणि विचारलं, "आडनावाने शोधतेस?"

तर ऐका. जुन्या पोर्तुगीज पुस्तकांच्या सूचीत नावं आडनावाने लावलेली नसतात, पाळण्यातल्या नावाने असतात. आणि ते नाव आपण लिहितो तसं नसतं. आजोबांचं नाव श वरून. पोर्तुगीज कारकून श ला एक्स लिहायचा. शांताराम हवा असेल तर एक्समध्ये बघा, एसमध्ये नाही. शेट असेल तरी एक्स. आडनावांचंही तेच : प्रभू असेल तर पोरोबो, शेणवी असेल तर सिनाय, कामत असेल तर कामोतीं. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई. शब्दाच्या शेवटी एखादा जादा स्वर चिकटलेला असतो, त्याने गोंधळू नका. घरून निघण्याआधी नावाची चार-पाच स्पेलिंगं एका कागदावर लिहून न्या. मी नेली नव्हती.

आणखी एक. आजीला सासरच्या नावाने शोधू नका. लग्नाच्या नोंदीत माहेरचं नाव असतं, आणि आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. आमच्या घरात तिचं माहेरचं नाव एकालाही आठवत नव्हतं. वडिलांनाही नाही. त्यामुळे आजोबांच्या नावावरूनच जावं लागलं.

तारखेचा घोळ वेगळा. वैशाख-बिशाख विसरा. पुस्तकातली तारीख सहीची, मुहूर्ताची नव्हे. तीही आकड्यांत नसते, अक्षरी असते : मिल नोव्हेसेंतुश इ त्रिंता इ सेत म्हणजे 1937. सेत म्हणजे सात, सेइश म्हणजे सहा. जून्यु म्हणजे जून, जुल्यु म्हणजे जुलै, आणि टाकाच्या तिरक्या अक्षरात या दोघांत फरक एका दांड्याचा, तो मध्ये उंच गेला की जुलै. मी जून वाचला, होता जुलै. कासामेंतु म्हणजे लग्न, नाशिमेंतु जन्म, ओबितु मृत्यू. लिव्हरु म्हणजे पुस्तक, फोल्या म्हणजे पान. हे दोन आकडे मिळाले की लगेच टिपून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जात तेच लागतात. आणि गोव्यात ही नोंदणी 1914 पासूनची. त्याआधीच्या हिंदू लग्नासाठी हे पुस्तक उघडत बसू नका.

दाखला मागताना "तेओर" मागा. तेओर म्हणजे नोंदीची शब्दशः नक्कल, समासातल्या शेऱ्यांसकट. छोट्या दाखल्यात समास येत नाही आणि वकिलाला नेमका समासच हवा असतो. दोन प्रती घ्या. सरकारी पावतीवरचा आकडा चार हजारांच्या आसपासही नव्हता. ती पावती मी जपून ठेवली आहे, काकांना दाखवायला.

नक्कल मात्र त्या फेरीत हातात आली नाही, दुसऱ्या सहीच्या वेळी आली. तेव्हा तो दिवस कसा गेला विचाराल तर फारसं आठवत नाही. दादाने सही केली, वहिनीने केली, बाहेर पाऊस होता, जेवण छान होतं, कोणीतरी धबधब्याला जाऊ म्हणालं, गेलो. मी गाडीत बसून तेओर वाचत होते. खाली आजोबांची सही, रोमन लिपीत, लफ्फेदार. आजीची नाही. वधूला लिहिता येत नाही, असं कारकुनाने नोंदवलंय. वर तिचं माहेरचं नाव. इथे लिहीत नाही, पण घाट चढेपर्यंत तेच जिभेवर घोळवत होते.

आता त्यामुळे नवीन काम निघालंय. तेओरमध्ये एक नाव, मृत्यूच्या दाखल्यात दुसरं. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करायला आणखी कागद लागणार. वकील म्हणाले, "एका दिवसाचं काम आहे."