तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्स कोणता करू?

इंटरनॅशनल शाळेत शिकवायचं तर कोर्स कोणता करू, असं नुकतंच बी.एड. झालेल्या मुली विचारतात, दहा-बारा वर्षं स्टेट बोर्डाच्या शाळेत काढलेल्या मैत्रिणी विचारतात. मागच्या महिन्यात रंकाळ्यावर फिरताना एका मुख्याध्यापकांनी थांबवून विचारलं, "मॅडम, आमच्या शिक्षकांना इंटरनॅशनल शाळेच्या तोडीचं करायचं तर कुठलं ट्रेनिंग द्यावं?" आजवर सगळ्यांना उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. पहिली आठ मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये, पुढची अकरा कोल्हापूरजवळच्या केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ज्या कोर्समध्ये तुमच्या स्वतःच्या वर्गात काय घडलं ते दाखवावं लागतं, तो आधी करा. ज्यात फक्त ऐकायचं असतं, तो नंतर केला तरी चालेल.

हे मला कळलं ते सहावीच्या वर्गात. केंब्रिजचा शिक्षकांसाठीचा डिप्लोमा करत होते. त्यात तुमचा तास कुणीतरी मागे बसून बघावा लागतो, त्यावर चर्चा होते आणि ते सगळं पोर्टफोलिओत जातं. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या ज्येष्ठ बाई माझ्या मेंटर होत्या. धडा होता मिश्रणं वेगळी करण्याचा: गाळणं, निवळणं, बाष्पीभवन. तास मला स्वतःला उत्तम वाटला होता. तास संपल्यावर बाईंनी चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही, वहीचं एक पान समोर ठेवलं. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न, उत्तर कुणी दिलं त्याचं नाव, आणि मी किती सेकंद थांबले. चौतीस प्रश्न होते. सव्वीस उत्तरं त्याच पाच मुलांची. आणि थांबणं? बहुतेक ठिकाणी एक सेकंद. मूल विचार करायला लागायच्या आत मी प्रश्न फिरवून विचारत होते, नाहीतर उत्तर स्वतःच देत होते.

अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. मी हे बी.एड.ला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. माझ्या वर्गात ते कधी उतरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी त्याच वर्गाला विचारलं, "उसाच्या रसातली बारीक घाण कापडानं गाळून निघत नाही. मग गूळ स्वच्छ कसा होतो?" आणि मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. ती शांतता फार जड होती, मध्येच बोलावंसं वाटत होतं. मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचं पाणी सोडतात. मग मळी वर येती. ती आज्जा झाऱ्यानं काढून टाकतो." जूनपासून मी त्याला शिकवत होते आणि त्याची दहा वाक्यंही ऐकली नव्हती. पुढची दहा मिनिटं वर्ग त्यालाच प्रश्न विचारत होता. भेंडीच्या चिकट रसात बारीक कण एकमेकांना धरून कसे वर येतात, हे मी फळ्यावर नंतर काढलं. तोवर तो धडा त्याचा झाला होता.

म्हणून कोर्स निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: माझा तास कोण बघणार आहे?

आता नावं. केंब्रिजच्या या पात्रतांना पीडीक्यू, म्हणजे प्रोफेशनल डेव्हलपमेंट क्वालिफिकेशन्स, म्हणतात. सर्टिफिकेट आणि डिप्लोमा अशा दोन पायऱ्या असतात. शिकवणाऱ्यांसाठी वेगळ्या आणि शाळा चालवणाऱ्यांसाठी वेगळ्या. त्यासाठी तुम्ही प्रत्यक्ष काम करत असायला हवं, घरी बसून होत नाहीत. आयबीचं, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचं, वेगळं आहे. तिथली वर्कशॉप्स तीन प्रकारची: पहिला प्रकार कार्यक्रमात नव्यानं आलेल्यांसाठी, दुसरा मुरलेल्यांसाठी, तिसरा एखाद्या विषयात खोल जाणाऱ्यांसाठी. आयबीची मान्यता हवी असेल तर शाळेला शिक्षकांना पाठवावंच लागतं. त्यामुळे हा खर्च शाळेचा आहे, तुमचा नव्हे. नोकरी नसताना पदरचे पैसे घालून पहिल्या प्रकारचं वर्कशॉप करू नका, असं मी प्रत्येकीला कळकळीनं सांगते. फी नव्या शिक्षिकेच्या महिन्याच्या पगाराला भारी पडते.

ब्रिटिश विद्यापीठांचं पीजीसीई-आय हे शिक्षकांसाठीचं पदव्युत्तर प्रमाणपत्र परदेशातल्या शाळांत उपयोगी पडतं. पण इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून लागणारी क्यूटीएस मान्यता त्याच्याबरोबर आपोआप मिळत नाही. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरात असते, ती शोधून वाचा. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरोचे 'बघा, विचार करा, प्रश्न पाडा' यांसारखे विचार करण्याचे नित्यक्रम तर फुकट वाचता येतात आणि उद्या सकाळी वर्गात वापरता येतात.

एक वाट मात्र कुणी विचारत नाही, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. काही वर्षं शिकवून झाली की परीक्षक होण्यासाठी अर्ज करा. आयबीच्या परीक्षकाला उत्तरपत्रिका संगणकावर येतात, आणि वरिष्ठांनी आधीच तपासून गुण ठरवलेल्या काही पत्रिका त्यांत मिसळलेल्या असतात. तुमचे गुण त्यांच्याशी जुळले नाहीत तर काम थांबतं. दुसऱ्याच्या मोजपट्टीला आपली मोजपट्टी इतकी घासून बघण्याची संधी शिक्षकाला एरवी मिळत नाही. माझी मैत्रीण एका सत्रानंतर म्हणाली, "वीस वर्षं मी नीटनेटक्या अक्षराला गुण देत होतो की गं!"

याच मैत्रिणीला एका शाळेनं वर्कशॉपला पाठवलं होतं. आल्यावर तीन वर्षांचा बाँड लिहून घेतला आणि तिची मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतली. शिक्षकाला शिकवणं म्हणजे उपकार, या समजुतीतून हे होतं. असं कुणी मागितलं तर देऊ नका. मूळ कागद आपले असतात.

आता त्या मुख्याध्यापक सरांसाठी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं प्रत्येक शिक्षकासाठी आणि शाळाप्रमुखासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. सर, हे तास भरायला बाहेरून वक्ता आणून हॉलमध्ये सगळ्यांना बसवू नका. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास असा ठेवा की एक शिक्षिका दुसरीच्या वर्गात मागे बसू शकेल, आणि तिच्या वर्गावर त्या वेळी तुम्ही स्वतः जा. त्याला एक रुपया लागत नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलीत मात्र त्यातलं काही जाता कामा नये, नाहीतर मागे बसलेलीही तोंड उघडणार नाही.

ही कल्पना आयबीच्या जिनिव्हाहून किंवा केंब्रिजहून यायची वाट बघण्याची आपल्याला गरजच नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाच्या १९६६ च्या अहवालात शाळासमूहाची कल्पना आहे: एका माध्यमिक शाळेभोवती जवळच्या प्राथमिक शाळा जोडायच्या आणि शिक्षकांनी एकमेकांच्या आधारानं काम सुधारायचं. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये आपल्या कोल्हापुरातच सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं, मराठी माध्यमात, मुलांच्या अनुभवाला मध्यभागी ठेवून. आम्ही वर्कशॉपमध्ये 'इन्क्वायरी', म्हणजे प्रश्न विचारत शोधत शिकणं, म्हणून जे शिकतो, त्यातलं पुष्कळ तिथं आधीपासून होतं. इंटरनॅशनल शाळेत गेलात तरी या माणसांचं काम आपलं म्हणून घेऊन जा.

फॉर्म भरण्याची घाई असेल तरी एक करा. गुरुवारी तिसऱ्या तासाला माझा सातवीचा वर्ग असतो. आमच्या मुख्याध्यापिका मॅडमची परवानगी मी काढून ठेवते. वही घेऊन या आणि शेवटच्या बाकावर बसा. मी किती सेकंद थांबते ते मोजा, आणि मधल्या सुट्टीत मला दाखवा.