लक्षद्वीपचं परमिट, ठाण्याची पोलीस चौकशी आणि अगत्तीचा कुपा

लक्षद्वीपला जाऊन आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, परवा तर जांभळी नाक्यावर भाजी घेताना पण एकच प्रश्न, परमिट कसं काढलंत गं. तर एकदाच सगळं लिहून टाकते. परमिटबद्दल तर सांगतेच, पण खरं सांगायचं तर परमिट हा त्यातला सोप्पा भाग आहे, तिकडच्या लोकांच्यात जाऊन कसं राहायचं हे कोणी विचारतच नाही आणि मला तेच जास्त सांगायचंय.

माझं माहेर चेंदणी कोळीवाडा, सासर कळवा. म्हणजे पाणी, होडी, म्हावरं यात माझं बालपण गेलं, खाडीची पार वाट लागली ती पण डोळ्यांदेखत. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि अख्ख्या देशाला लक्षद्वीप आठवलं, पण माझ्या डोक्यात ते आधीपासून होतं कारण वडील म्हणायचे की तिथले लोक कुपा, म्हणजे ट्यूना मासा, गळाने धरतात, जाळं नाही. मला ते बघायचं होतं.

आता कागदपत्रं. लक्षद्वीपला भारतीय माणसाला पण एंट्री परमिट लागतं, तसा 1967 चा नियम आहे. आमच्या टूरवाल्याने मागितलं ते असं: प्रत्येकाचं आधार, पासपोर्ट साईज फोटो, आणि पोलिसांचं कॅरेक्टर सर्टिफिकेट, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात. नियम मधेमधे बदलतात त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा काय चालू आहे ते विचारून घ्या. नवरा पहिल्याच दिवशी तापला, आपल्याच देशात जायला पोलिसांचं पत्र कशाला. मी म्हटलं भर फॉर्म.

पीसीसीचा अर्ज ऑनलाइन होतो, पैसे पण ऑनलाइन, पण मग पोलीस स्टेशनला जावंच लागतं. आमच्या हद्दीतलं स्टेशन, नाव घेत नाही, तिथल्या टेबलावरच्या साहेबांनी कारण वाचलं आणि विचारलं, लक्षद्वीप म्हणजे मालदीवच ना, मग पासपोर्ट कुठाय. बाजूच्या हवालदारांनी समजावलं की साहेब भारतातच आहे ते. नंतर ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, परत या, ती फाईल पुढे गेली नाही, मॅडम रजेवर आहेत, हे सगळं आपल्याला माहितीच आहे. एक टीप मात्र देते. मुलगी पुण्यात हॉस्टेलला असते, तिचा अर्ज पुण्यातून करायचा की ठाण्यातून यात आमचे बरेच दिवस गेले. शेवटी आधारवर कळव्याचा पत्ता आहे म्हणून इथूनच केला आणि तो चालला. ज्यांची मुलं बाहेर शिकतात त्यांनी हे आधी विचारून ठेवा, आणि भाड्याने राहत असाल तर ॲग्रीमेंटची मुदत संपलेली नाही ना तेवढं बघा. पीसीसी हातात आली की पुढचा परमिटचा अर्ज टूरवाला किंवा होमस्टेवाले भरतात, त्यात कोणत्या बेटावर जाणार ते लिहावं लागतं आणि परमिट त्याच बेटापुरतं असतं. अगत्ती बेटाचं परमिट घेऊन मनात आलं म्हणून कवरत्ती बेटावर गेलो असं चालत नाही.

आपल्याच देशात जायला हे सगळं कशाला, या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला आकडे बघून मिळालं. सगळी बेटं मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर. त्यात वस्ती असलेली बेटं 10. 2011 च्या जनगणनेत लोक 64,473. एवढी माणसं तर सकाळच्या गर्दीत ठाणे स्टेशनच्या पुलांवरून जातात. तिथले मूळ रहिवासी जवळजवळ सगळे मुस्लिम आणि सरकारी नोंदीत अनुसूचित जमाती, बाहेरच्या माणसाला तिथे सहज जमीन घेता येत नाही. 2021 मध्ये प्रशासनाने जमीन आणि विकासाबद्दल नवीन नियमांचे मसुदे आणले तेव्हा बेटांवर केवढा विरोध झाला होता. त्यामुळे एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सहज विचारलं की फिरायला आलात की जागा बघायला, तर राग मानू नका. आमच्या कोळीवाड्यात बिल्डरची माणसं फिरायला लागली तेव्हा माझी आजी पण असंच विचारायची, तेही शिवी देऊन.

जाताना कोचीहून बोटीने अगत्तीला गेलो. रात्रभराचा प्रवास, आणि सकाळी मोठी बोट खोल पाण्यातच थांबते, तिथून छोट्या होडीत उतरायचं. दोन्ही हलत असतात, मधे माणसं उभी राहून हात धरून अक्षरशः खेचतात. मला मजा आली, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. गुडघे दुखत असलेल्या किंवा वयस्कर लोकांना घेऊन जात असाल तर हे आधी सांगून ठेवा, मग विमानच बरं, कोची ते अगत्ती साधारण दीड तासाचं. उतरल्यावर पोलिसांकडे परमिट दाखवून नोंद करायची, ती आमच्या यजमानांनी हातोहात करून दिली. ठाण्यात जे काम इतकं लांबलं ते तिथे चहा यायच्या आत झालं!

अगत्ती म्हणजे एक लांब चिंचोळी पट्टी. विमानतळाच्या बाजूला तर उभं राहिलं की दोन्हीकडे समुद्र दिसतो. लोकवस्ती साडेसात हजारांच्या आसपास. रस्त्यावर एकही कुत्रा नाही, हे मुलीच्या लक्षात आलं, बेटांवर कुत्रे आणायला बंदी आहे म्हणे. मांजरी मात्र भरपूर आणि त्या का गुबगुबीत असतात ते मासळी उतरते तिथे गेलात की कळतं.

आता म्हावऱ्याकडे येते. पहाटे लगूनमध्ये, म्हणजे बेटाजवळच्या उथळ शांत पाण्यात, जाळ्याने बारीक मासे धरतात, ते जिवंत ठेवतात बोटीच्या टाकीत. मग बाहेर खोल पाण्यात कुप्याचा थवा दिसला की ते बारीक मासे पाण्यात भिरकावतात, बोटीच्या मागून पाण्याचे फवारे उडवतात, कुप्याला वाटतं खाणं उसळलंय, आणि मागच्या फळीवर माणसं ओळीने उभी राहून काठीने सपासप ओढतात. गळाला उलटा काटा नसतो त्यामुळे मासा हवेत असतानाच सुटून मागे बोटीत पडतो, सोडवत बसायला लागत नाही. मी बोटीवर नव्हते गेले, एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, अंगणात काठी हातात घेऊन करून दाखवलं. मग तो कुपा उकडतात, धुरी देतात, उन्हात वाळवतात, लाकडासारखा कडक होतो, त्याला मासमीन म्हणतात. मी दोन बोटांत धरून वास घेतला, आपल्या सुकटीसारखा उग्र नाही, धुराचा आणि थोडा गोडसर. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या ताईंनी तो कुटून खोबऱ्यात परतून दिला, भाताबरोबर. नवरा बोंबील सोडून सुकं काही खात नाही, त्याने दोनदा घेतला.

या ताईंशीच माझं जास्त जमलं. त्यांचं हिंदी मोडकं, माझं मल्याळम शून्य. त्यांची बोली जेसरी म्हणून ओळखली जाते, मिनिकॉय बेटावर मात्र एकदम वेगळी, मालदीवच्या भाषेची बहीण, महल. घर कोणाचं असं मी सहज विचारलं तर म्हणाल्या माझं. मला वाटलं नावावर केलं असेल. तसं नाही, तिथे घराणं आईकडून चालतं. कुळाची जी वाडवडिलार्जित मालमत्ता असते ती आईच्या बाजूने पुढे जाते आणि तिला चक्क शुक्रवारची मालमत्ता म्हणतात, स्वतःच्या कमाईची ती सोमवारची. शुक्रवारची कुळाची, ती एकट्याने विकायची नाही. सोमवारची आपल्या मर्जीची. पूर्वी तर नवरा दिवसा स्वतःच्या आईच्या घरी आणि रात्री बायकोच्या घरी, अशी पद्धत होती. आता पुष्कळ बदललंय, पण मुलगी झाली की घर पुढे चाललं, ही भावना अजून जिवंत आहे. मुस्लिम समाज आणि आईकडून वारसा, हे एकत्र आमच्या कोणाच्या डोक्यात बसत नव्हतं, मुलगी तर रात्री उशिरापर्यंत त्यांना प्रश्न विचारत होती. कोळीवाड्यात पण पैशाचा व्यवहार बाईच्या हातात, बाजारात ती बसते, पण घर शेवटी नाखव्याच्याच, म्हणजे नवऱ्याच्याच, नावावर, हे मी ताईंना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या.

फोटोबद्दल सांगते, कारण आमच्यासोबत आलेल्या एका ग्रुपने तिथे वात आणला. बायका मासळी वाळवत असताना त्यांच्या तोंडासमोर मोबाईल. नारळी पौर्णिमेला आमच्या आयांसमोर लोक असेच मोठाले कॅमेरे घेऊन उभे राहायचे, ताई जरा टोपली डोक्यावर घ्या ना, त्यामुळे माझं तर डोकंच फिरलं. आधी विचारा. बाया नको म्हणाल्या तर नको. वस्तीत फिरताना गुडघ्याखाली, खांदे झाकलेले कपडे, पोहायचे कपडे फक्त पोहायच्या जागी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सगळं बंद असतं, तेव्हा जेवण कुठाय म्हणून दार वाजवू नका. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि बॅगेत लपवून न्यायचा विचार असेल तर दुसरीकडे जा बाबांनो.

पाणी जपून वापरा हे प्रत्येकजण सांगतो, का ते कोणी सांगत नाही. बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खारट पाण्यावर तरंगत असतं, पातळ थर असतो, जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून अगत्तीला 2011 पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, तसा पहिला कवरत्तीला 2005 मध्ये झाला. नवरा वागळे इस्टेटला चिलरचं, म्हणजे पाणी गार करायच्या मशीनचं, काम करतो, तो हे ऐकून एवढा खूश झाला की प्लांट बाहेरून बघायला चालत गेला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होतं आणि खोल समुद्रातलं गार पाणी आणून त्या वाफेचं पाणी करतात, गाळण्या नाहीत, हे त्याने मला जेवताना समजावलं, परत बोटीवर समजावलं, आता कळव्यात पाहुण्यांना समजावतो.

पोवळ्याचा एकही तुकडा उचलू नका, मेलेला वाळूत पडलेला पण नाही. पोवळी वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या यादीत आहेत, आणि निघताना सामान तपासतात. सोबतच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या बॅगेतून मूठभर निघालीच, काका म्हणे शोकेसला ठेवणार होतो. सगळे बाजूला ठेवायला लावले आणि लाईन थांबली.

शेवटचं म्हणजे परतीचं. बोटीचं वेळापत्रक आणि हवामान यांचा भरवसा धरू नका, पावसाळ्यात तर पर्यटनाच्या बोटी बंदच असतात. त्यामुळे कोचीहून मुंबईचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, मधे एक दिवस मोकळा सोडा. आमच्या टूरवाल्याने त्याच संध्याकाळचं काढून ठेवलं होतं, बोट उशिरा लागली, विमान गेलं, आणि त्या तिकिटाच्या पैशांसाठी आम्ही अजून त्याच्या मागे आहोत.