ब्लेडने कापलेला स्पीकर

आज उत्तर लंडनमध्ये मसवेल हिलला मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. जरा लवकर पोचले, म्हणून वाट वाकडी करून फोर्टिस ग्रीनवरचं एक साधंसं घर बाहेरूनच बघून आले. 'द किंक्स' या ब्रिटिश रॉक बँडच्या रे आणि डेव्ह डेव्हिसचं. सहा बहिणींच्या पाठीवर झालेले हे दोघे भाऊ! म्हणजे लाड किती झाले असतील, विचारूच नका.

१९६४ मध्ये त्यांच्या पहिल्या दोन रेकॉर्ड आपटल्या. तिसरी चालली नसती तर कंपनीने बहुधा नारळच दिला असता. गिटार वाजवणारा डेव्ह तेव्हा १७ वर्षांचा. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फार गुळगुळीत वाटतो म्हणून पठ्ठ्याने दाढीच्या ब्लेडने स्पीकरचा कागदच कापला. त्यातून जी खरखर निघाली, ती 'यू रियली गॉट मी' या तिसऱ्या रेकॉर्डमध्ये ऐकू येते. सप्टेंबरात गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. (आमच्या घरी हा उद्योग केला असता तर बाबांनी आधी मला सोलून काढलं असतं.)

भावाभावांची भांडणं हा वेगळाच अध्याय, त्यात आज शिरत नाही.

येताना बसमध्ये गाणं लावलं. जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. सात-आठ वेळा ऐकलं आणि स्टॉप चुकले. दादाला लिंक पाठवलीये, अजून निळ्या टिका नाहीत.