टोपीवर नाव नाही

१६ सप्टेंबर, रात्री

परवा सहा वर्षं होतील. मशीन आत्ताच झाकून ठेवलं. ४७ टोप्या झाल्या, ११ सदरे झाले. पन्नास आणि बारा करायचं मनात होतं, पण साडेअकरानंतर मशीनच्या आवाजाने सासूबाईंना झोप लागत नाही. या आठवड्यात त्यांना तशीही झोप नसते.

पितृपंधरवडा चालू आहे. आळीत घराघरांत तिथ्या बघून पानं वाढली जातायत. आमच्याकडे लहान लेकराचं श्राद्ध घालत नाहीत. पहिल्या वर्षी मी गुरुजींना विचारलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "ताई, सात वर्षांचं लेकरू ते. त्याला काही लागत नाही." मायेनेच सांगितलं असणार. पण मला लागत होतं. ज्यांना मी कधी पाहिलंही नाही त्या चुलत आजेसासऱ्यांना तिथी आहे, आणि माझ्या पोराचा दिवस नुसता रिकामा. सकाळी उठून काय करायचं तेच कळेना. त्या वर्षी मी दिवसभर त्याचे कपडे काढून घड्या घालत बसले, आणि संध्याकाळी होते तसे परत ठेवले.

दुसऱ्या वर्षी टोप्या शिवायला घेतल्या.

केमो सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याचे केस गेले होते. उशीवर पुंजके यायचे. डोक्याची कातडी इतकी हळवी झालेली की बाजारातून आणलेल्या टोपीची मधली शिवण त्याला टोचायची, रात्री तो ती काढून फेकायचा आणि मग पंख्याने डोकं गार पडायचं. मी बारा वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, आणि माझ्या पोराला धड टोपी नव्हती. धर्मशाळेत शेजारणीकडून सुई-दोरा मागून घेतला, माझ्या जुन्या सुती साडीचा पदर कापला आणि हातानेच शिवली. दुहेरी कापड, शिवण दोन्हींच्या मध्ये लपवलेली. इलॅस्टिक नाही, त्याचे वळ उठतात. नुसती रुंद पट्टी. ती घालून तो सकाळपर्यंत झोपला. तीच टोपी मी अजून शिवतेय.

कापड आधी भिजवून वाळवते, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. नवं कोरं सुती वापरायचं नाही, ते खरखरतं. चार-पाच वर्षं नेसलेल्या साड्या मी ओळखीच्यांकडून मागून आणते, गरम पाण्यात धुऊन इस्त्री करते. सात वर्षांच्या पोराच्या डोक्याचा घेर साडेवीस इंच. बाकीच्या वयांची मापं वहीत आहेत, हे एक बघावं लागत नाही.

सदरे नंतर सुचले. औषधं द्यायला छातीत पोर्ट किंवा दंडात लाइन, म्हणजे शिरेतली नळी, घातलेली असली की गळ्यातून कपडा घालताना रोज रडारड होते. म्हणून हे पुढून उघडे, दोन्ही बाह्यासुद्धा वरपासून खालपर्यंत उघड्या आणि नाड्यांनी बांधायच्या. टिचबटणं लावत नाही. ती धातूची, मग दर एक्सरेला सदरा उतरवावा लागतो.

१८ सप्टेंबर, परतीच्या गाडीत

सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने दादरला उतरलो. दर वर्षी आम्ही आधी पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळेवरून चालत जातो, मग परळला हॉस्पिटलात. त्या आजारपणात पाच महिने आम्ही तिथेच राहिलो होतो. आत जात नाही. बाहेर थोडं थांबतो आणि निघतो.

तिथे असतानाच एका आजोबांनी मला बाबांची गोष्ट सांगितली होती. खारेपाटणला कीर्तन चाललेलं, आणि एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याचा निरोप आला. कोट्यानुकोटी असे गेले, एकासाठी काय रडायचं, असं म्हणून बाबांनी कीर्तन तसंच पुढे चालू ठेवलं. आजोबांनी मला धीर यावा म्हणूनच ती सांगितली. मला तेव्हा बाबांचा राग आला होता. आता येत नाही, पण मी त्यांच्यासारखी नाही हे मला माहीत आहे. मी एकासाठीच रडते. कोट्यानुकोटींसाठी मला रडता येत नाही आणि टोप्याही मी कोट्यानुकोटींसाठी शिवत नाही. प्रत्येक टोपी आधी त्याच्याच डोक्याला बसवून बघते, मनात, आणि मग दुसऱ्याला देते.

परळला पोचल्यावर हे रक्तपेढीत गेले. त्यामागे एक रात्र आहे. पोराचे प्लेटलेट, रक्त थांबवणाऱ्या पेशी, आठ हजारांवर आले होते. चांगल्या माणसाचे दीड लाखाच्या वर असतात. नाकातून रक्त थांबेना. यांनी डोकं दुखतं म्हणून आदल्याच दिवशी ॲस्पिरिन घेतलेली, त्यामुळे यांचे चालेनात. रात्री दहाला कॉलेजातला एक मुलगा आला, दीड तास खुर्चीत हात ताणून बसला, आणि आम्ही नाव विचारायला जाईपर्यंत लोकल गाठायला निघूनही गेला. मी जिन्यापर्यंत धावले होते.

प्लेटलेट फार तर पाच दिवस टिकतात. त्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. बाहेरच, एका ट्रेवर, आणि तो ट्रे रात्रंदिवस हलता ठेवतात. त्यामुळे साठा करून भागत नाही, कुणाला तरी सतत यावं लागतं. मशीन रक्तातून तेवढेच काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. ओठांना मुंग्या येतात, मग चघळायला कॅल्शियमची गोळी देतात. वर्षातून २४ वेळा देता येतात, पण कराडहून तेवढ्या फेऱ्या कशा जमणार? हे चारदा येतात. त्या मुलासारखंच, झालं की कुणाशी न बोलता बाहेर येऊन चहा मागतात.

टोप्या मी मुलांच्या हातात देत नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, बाहेरच्या माणसाने जवळ जाऊ नये. सीलबंद पिशव्यांत घालून समाजसेवा विभागातल्या मॅडमच्या टेबलावर ठेवते. आज त्यांनी परत विचारलं, "नाव घालायचं का? लेबल छापून मिळतात." दर वर्षी कुणीतरी विचारतंच. माझ्या भावाने तर एकदा पैसेही पुढे केले होते, कै. अमुक याच्या स्मरणार्थ, अशी पट्टी करून घे म्हणाला.

आजारपणात माझा पोरगा नुकता वाचायला लागला होता. दिसेल ते मोठ्याने वाचायचा, दुकानांच्या पाट्या, औषधांचे खोके, ट्रकच्या पाठी. एकदा पाण्याच्या कुलरपुढे रांगेत होतो. कुलरवर देणगीदाराने नाव घातलेलं. त्याने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "आई, कै. म्हणजे काय?"

मी म्हणाले, "म्हणजे मोठी माणसं."

"मग आपल्या बाबांच्या नावापुढे का नाही?"

मागे उभी असलेली बाई दुसरीकडे बघायला लागली. मी त्याचा ग्लास भरून दिला.

म्हणून नाही. कुणा आईने आपल्या हसत्याखेळत्या पोराच्या डोक्यावर माझ्या गेलेल्या पोराचं नाव का बांधावं? ए.एल.एल., म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेली बरीच मुलं आता बरी होऊन घरी जातात, शाळेत जातात. त्या आईला तेवढंच दिसत राहायला हवं. अंधेरीच्या दादाराव बिल्होरेंची बातमी मी कापून मशीनच्या खणात ठेवली आहे. जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे त्यांचा १६ वर्षांचा प्रकाश गेला. भाजी विकणारा माणूस. तेव्हापासून स्वतः मुंबईतले खड्डे बुजवतात, शेकडो बुजवले. बुजलेल्या खड्ड्यावरून जाणाऱ्याला काही कळतच नाही. गाडी आपटत नाही, इतकंच. मला ते फार पटतं.

तरी त्याचं नाव कुणीतरी घ्यावं असं मला वाटतं, हेही खरंच आहे. कधी कधी इतकं वाटतं की दुपारी घरात कुणी नसताना मी अंगणात जाऊन हाक मारते, जेवायला बोलवायची तशी.

बाहेर बाकावर परभणीकडची एक बाई होती, मांडीवर झोपलेलं पोर. तिने विचारलं, "तुम्हाला किती लेकरं?"

"दोन," म्हणाले. "थोरली बारावीला आहे."

"आणि धाकटं?"

"धाकटा सात वर्षांचा."

ती म्हणाली, "माझाबी सातचाच."

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी सासूबाईंनी पान वाढलं आणि कोपऱ्यात एका वाटीत शेवयांची खीर वेगळी काढली. कुणासाठी ते बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. नंतर हे प्रीतिसंगमावर जाऊन आले.

दुपारी मॅडमचा फोन आला. टोप्या वाटून झाल्या. एका पाच वर्षांच्या पोरीने टोपी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, हिला खिसा का नाही? मॅडम हसत होत्या, म्हणाल्या, तुम्हाला सांगायचं कबूल केलंय तिला.

टोपीला खिसा मी कधी शिवलेला नाही. कानावर लावला तर कुशीवर झोपल्यावर टोचणार. मागे लावला तर उशीला लागणार. पुढे, कपाळाच्या वर, पट्टीतच मुडपून केला तर बसेल, पण तोंड वरच्या बाजूला हवं, नाहीतर वाकली की आतलं पडेल. आत काय ठेवणार आहे कोण जाणे. एक रुपयाचं नाणं मावेल एवढा करते. पाच वर्षांचं माप वीस इंच. साड्यांच्या गाठोड्यात एक लिंबोणी रंगाची आहे, ती भिजत घातली आहे.