आमची वाटचाल: पितळी व्हॉल्व्ह आणि एक खटला

२००९ साली भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर पितळी व्हॉल्व्हचं जॉबवर्क सुरू केलं. पुढची काही वर्षं कुठल्याही लघुउद्योगाची जातात तशीच गेली: थकलेली बिलं, ओव्हरटाइम, सीसीची, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा एक्साइज आणि व्हॅटची वेगवेगळी कटकट गेली म्हणून आम्ही खूश होतो.

मग आम्हाला पितळेचं भंगार देणाऱ्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन मागच्या तारखेपासून रद्द झालं. जीएसटी विभाग म्हणाला, बिलं बोगस, माल आलाच नाही. जीएसटीचा नियम ८६अ लावून आमचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची आमच्या करातून वजा होणारी रक्कम, ब्लॉक केलं आणि जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली फौजदारी खटला भरला. २०२३ साली खटला भरण्यासाठी लागणारी कराची किमान रक्कम एक कोटीवरून दोन कोटींवर गेली, फक्त माल न देता बिल देण्याचा गुन्हा त्यातून वगळला होता. आम्हाला त्याचा उपयोग झाला नाही.

आम्हाला सोडवलं ते वजनकाट्याच्या पावत्यांनी. प्रत्येकीवर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ. तोच नंबर ई-वे बिलावर, म्हणजे माल नेताना पोर्टलवर काढायच्या कागदावर, तीच गाडी फास्टॅगच्या नोंदीत टोल ओलांडताना. या पावत्या झडतीच्या पंचनाम्यातच नोंदलेल्या होत्या! पण काट्यावर जाऊन कुणी विचारलंच नव्हतं. कोर्टाने दोषमुक्त केलं.

त्यानंतर जो भेटेल त्याचा एकच प्रश्न: "किती द्यावे लागले?" विभाग कुणालाही अडकवतो आणि सुटतो तो पैसे देऊनच, ही दोन्ही मतं एकाच माणसाची असतात. यात फावतं ते खऱ्या बोगस बिलवाल्यांचं. ते आहेत, भरपूर आहेत. कर न भरता माल विकून त्यांनी आमच्या ऑर्डरी पळवल्या आहेत. त्यांच्यातला एखादा पकडला गेला, तरी लोक म्हणतात, "बिचाऱ्याला गुंतवलं." अटकेची भीती घालून कर वसूल करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बजावलं. मी ते असोसिएशनच्या ग्रुपवर टाकलं, तर उत्तर आलं, "कागदावर."

आता नवा पुरवठादार आला की आधी पोर्टलवर त्याची रिटर्न्स बघतो, माल उतरताना गाडीचा फोटो काढतो. सीएनसीसाठी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनसाठी, कर्ज मागितलंय. अर्जात फौजदारी खटल्यापुढे "नाही" लिहिलं. बँकेने तरीही निकालाची प्रमाणित प्रत मागवलीच.