तुम्ही विचारलंत म्हणून : शोरूममध्ये भाव नेमका कशाचा करायचा?

“मावशी, गाडी घेतोय. शोरूमवाला किती कमी करेल?” महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. कधी भाचा, कधी जुन्या सहकाऱ्याची सून, कधी गल्लीतलं कुणी. मी सांगलीत एका सहकारी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर १९ वर्षं बसले, म्हणून लोक मला विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते.

आधी त्या टेबलावरची एक गोष्ट सांगते, कारण माझं सगळं मत तिथे तयार झालं. एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन फायली आल्या. दोघी शिक्षिका, एकाच शाळेतल्या. शोरूम एक, मॉडेल एक, रंगसुद्धा एक. एकीची गाडी दुसरीपेक्षा ३१,००० रुपयांनी स्वस्त पडली होती. मला वाटलं, हिने फार घासाघीस केली असणार. विचारलं तर म्हणाली, “नाही हो, मला भाव करता येत नाही. मी फक्त म्हटलं, प्रत्येक रक्कम वेगवेगळी लिहून द्या, आणि ही कशाची, ही कशाची, असं विचारत गेले.” त्या दिवसापासून मी प्रत्येक फाईलमधलं कोटेशन, बिल, विम्याची प्रत आणि आरटीओची पावती शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले.

म्हणून “किती कमी करेल?” हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे आरटीओ आणि विम्याचा खर्च धरण्याआधीची गाडीची किंमत, कंपनी ठरवते. त्यात विक्रेत्याचं मार्जिन थोडंसंच असतं, आणि त्यातला काही भाग तो सूट म्हणून देतो. ती मागावीच. पण बहुतेकांची सगळी शक्ती तिथेच खर्च होते, आणि त्या आकड्याच्या खाली लिहिलेल्या ओळींकडे कुणी बघत नाही. विक्रेत्याची खरी कमाई त्या ओळींत असते.

माझ्या भाचीचं कोटेशन अजून माझ्याकडे आहे, त्यावरूनच सांगते. पेट्रोल गाडी, १२०० सीसीची. एक्स-शोरूम ८,९८,०००. त्याखाली आरटीओ १,१२,०००, विमा ४३,५००, एक्सटेंडेड वॉरंटी १४,०००, ॲक्सेसरी किट १८,५००, हँडलिंग चार्जेस ७,५००, फास्टॅग ६००. ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून, १०,९४,१००. आणि तळाला हाताने लिहिलेलं, ‘डिस्काउंट १५,०००’. भाची खूश होती. पंधरा हजार सुटले म्हणून.

मी तिच्याबरोबर शोरूममध्ये गेले, पर्समधली पेन्सिल काढली आणि आरटीओच्या ओळीपासून सुरुवात केली. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के कर लागतो, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के, त्यापुढे १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४, १५. आठ लाख अठ्ठ्याण्णव हजारांचे ११ टक्के म्हणजे ९८,७८०. नोंदणी फी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १५००, स्मार्ट कार्डाचे २००. बाकीचा किरकोळ सरकारी खर्च धरला तरी हिशेब १,०४,००० च्या पुढे जात नव्हता. मग वरचे आठ हजार कसले? समोर बसलेला शोरूमचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ते एजंटचं असतं.” मी म्हटलं, “बाळा, आरटीओची जी पावती येईल तेवढे आम्ही देणार, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. तसं इथे लिहून दे.” तो उठला आणि ‘सरांना विचारून येतो’ म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेला. परत आला तेव्हा १,०३,१०० लिहिलेलं होतं. आवाज चढवायची वेळ आली नाही.

हँडलिंग चार्जेसचंही तसंच. यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा, धुवायचा खर्च, असं सांगतात. गाडी विकायला शोरूममध्ये आणणं हे विकणाऱ्याचं काम आहे. कुठल्याही सरकारी पावतीवर ही ओळ नसते. मी ती पेन्सिलने खोडली आणि मुलाकडे बघितलं. त्याने मान हलवली. इतक्या पटकन हलवली की मला बँकेतल्या त्या शेकडो फायली आठवल्या. त्या सगळ्यांनी हे पैसे भरले होते, केवळ ओळ छापलेली होती म्हणून.

विम्यावर मात्र मी जास्त वेळ थांबते, तुम्हीही थांबा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असं अजिबात नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, आणि त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये होता. तो सगळीकडे एकच, तिथे भाव होत नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. तिथे कंपन्या आपापल्या मनाने सूट देतात, आणि शोरूमचं कमिशनही तिथलंच.

शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. भाचीची जुनी गाडी तिच्याच नावावर होती आणि सलग तीन वर्षं एकही क्लेम नव्हता. बोनस पहिल्या वर्षाला २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकलीत की विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि तो बोनस नव्या गाडीच्या पॉलिसीवर लावायचा, तीन वर्षांच्या आत. शोरूममध्ये तिला हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. बाहेरून आम्ही त्याच कव्हरचं, झीरो डेप्रिसिएशनसकट (म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई), कोटेशन मागवलं. ३५ टक्के बोनस धरून २९,८०० आलं.

ते मोबाईलवर दाखवल्यावर नेहमीचं वाक्य आलं, “बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही.” हे ऐकून घाबरू नका. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे कंपनीने थेट वर्कशॉपला देणं, हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, यावर ठरतं. कंपनीला फोन करून वर्कशॉपचं नाव विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही तिथे बसूनच फोन केला. करार होता. मग शोरूमनेच ३०,००० ला करून दिला, आणि दोनशे रुपयांसाठी आम्ही ताणलं नाही. फक्त आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दोन्हीकडे सारखी आहे ना ते बघितलं. नव्या गाडीची ती साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती खाली आणून हप्ता स्वस्त दाखवला, तर त्याला स्वस्त म्हणायचं नाही.

किटमधून मॅट आणि मडफ्लॅप एवढंच ठेवलं, ४,५००. अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, सीट कव्हर बाहेर नंतर होतात. वॉरंटी ठेवली, मला ती पटते.

आता हिशेब बघा. या ओळींतून ४३,९०० रुपये सुटले. मग भाचीच्या नवऱ्याने त्या डिस्काउंटवर भाव करायला घेतला. तास गेला, दोनदा चहा झाला, तीनदा तो मुलगा केबिनमध्ये जाऊन आला, आणि १५,००० चे २०,००० झाले. म्हणजे ज्याला सगळे भाव करणं म्हणतात, त्यातून पाच हजार मिळाले. मिळाले ते चांगलंच झालं. पण तासाभरात काय हाती लागलं आणि पेन्सिलने पंधरा मिनिटांत काय, ते लक्षात घ्या. गाडी १०,३०,२०० ला पडली.

कर्जाबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही. “आमच्याकडून लोन केलंत तर आणखी पाच हजार कमी,” असं सांगतात. शोरूमला बँकेकडून त्याचे पैसे मिळतात, त्यातला तुकडा तुम्हाला देतात. देऊ द्या, पण व्याजाचा दर बघून. ८ लाखांचं कर्ज, पाच वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता १६,६०७ आणि साडेनऊ टक्क्यांनी १६,८०१. महिन्याला १९४ रुपये, कुणालाच जाणवत नाहीत. साठ हप्त्यांत ते ११,६०० च्या वर जातात. पाच हजार घ्यायला साडेअकरा हजार द्यायचे नाहीत. म्हणून शोरूमला जायच्या आधी आपल्या बँकेतून दर लेखी घ्या, आणि प्रोसेसिंग फी व मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार, दोन्ही विचारा. कुणी ‘फ्लॅट रेट’ म्हणालं तर उठून या. तो आकडा लहान दिसतो, पण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहतं.

जुनी गाडी एक्सचेंजला द्यायची असेल तर ‘एक्सचेंज बोनस’ आणि ‘गाडीची किंमत’ एकत्र धरून बाहेरच्या किमतीशी ताडून बघा. भाचीला तिथे १,६०,००० आणि वर बोनस २०,००० सांगितले होते. ओळखीच्या मेकॅनिकने आणलेल्या गिऱ्हाइकाने २,०५,००० दिले. बोनस नावाला होता, तो आधीच किमतीतून कापलेला होता.

केव्हा जायचं, हेही विचारतात. आपल्याकडे पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, शोरूम ओस पडलेलं असतं. तेव्हा बोलणी करावीत, सगळं लेखी घ्यावं आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्यावी. मुहूर्तही साधतो आणि माणसंही तुमच्याशी निवांत बोलतात. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गेलात तर तुमच्यामागे दहा जण उभे असतात, तुम्हाला कोण धरून ठेवणार? महिनाअखेरही बरी, त्यांना आकडा गाठायचा असतो. बिलाच्या तारखेकडे मात्र लक्ष असू द्या. २०२५ मध्ये सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला होती आणि घटस्थापनेला, २२ तारखेला, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. त्या एका रात्रीचा फरक कुठल्याही भाव करण्यापेक्षा मोठा होता.

डिसेंबर-जानेवारीत मोठी सूट मिळते, कारण वर्ष बदललं की गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. इथे माझं स्वतःचं दुखणं आहे. २०११ च्या फेब्रुवारीत आम्ही पहिली गाडी घेतली. मी बँकेत असूनही आरसी पुस्तक हातात आल्यावरच मला कळलं की तिचं उत्पादन २०१० च्या सप्टेंबरचं आहे. त्या शोरूमने एक शब्द सांगितला नव्हता, आणि सूटही दिली नव्हती. आठ वर्षांनी विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याने आरसीवरच्या त्या महिन्यावर बोट ठेवलं आणि २५,००० कापले. यजमान काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. ती गाडी त्यांनी मुलासारखी सांभाळली होती.

म्हणून सांगते, जुन्या वर्षाची गाडी घ्या, पण माहीत असून घ्या आणि त्याची वेगळी सूट मागून घ्या. पूर्ण पैसे भरायच्या आधी आणि नोंदणीच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा. चेसिस नंबर लिहून घ्या, तो १७ अक्षरांचा असतो, आणि तोच बिलावर आहे ना ते ताडून बघा. फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूमच्या विक्रीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तो मागा. टायर, काच, किलोमीटरचा आकडा बघा. एकदा नोंदणीचा नंबर पडला की तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही.

आणि त्या समोरच्या मुलाशी नीट बोला. त्याचा पगार थोडा असतो, आणि ओळी त्याने छापलेल्या नसतात. भाचीच्या वेळी शेवटी त्यानेच हळूच सांगितलं की कोल्हापूरच्या शोरूमचं कोटेशन आणलंत तर सर आणखी ऐकतील. आम्ही आणलं नाही, पण तुम्ही आणा. राज्यात कुठेही घेतलेली गाडी सांगलीत नोंदवता येते.

गाडीची एक्स-शोरूम किंमत १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्या नावावर आयकरापोटी घेतलेली रक्कम, लागेल. तो खर्च नाही, आयकर विवरणात परत मागता येतो, पण बिल तुमच्या पॅनवर हवं.

मी सोबत येईन, आनंदाने येईन. फक्त रविवारी नको, फार गर्दी असते. मंगळवारी सकाळी अकराला निघू. आधी कोटेशनचा फोटो पाठवा, सगळ्या ओळींचा, नुसत्या ऑन-रोडचा नको. आणि येताना जुन्या गाडीची विम्याची पॉलिसी घेऊन या.