वेताळ टेकडीवरून मॉर्डोरकडे : दिवस ४११

एकूण २१३४ किलोमीटर. राउरॉसचा धबधबा मागे पडला, एमिन मुइलच्या खडकांत २७ किलोमीटर आत आलोय. बाकी ७२९.

मागची नोंद जानेवारीतली होती. मधले चार महिने गप्प होतो, त्याला नदी कारणीभूत आहे, सांगतो. नव्यानं आलेल्यांसाठी आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पुस्तकात फ्रोडो एक घातकी अंगठी आगीत टाकायला निघतो. बॅग एन्ड या आपल्या घरापासून मॉर्डोरमधल्या माउंट डूम या ज्वालामुखीपर्यंत तो जेवढा गेला तेवढं आपण आपल्या गावात चालायचं आणि नकाशावर खूण करत राहायचं. अंतरं कुणाच्या मनची नाहीत. कॅरन विन फॉनस्टॅड या अमेरिकन नकाशाकार बाईंनी १९८१ साली मिडल-अर्थचा, म्हणजे त्या पुस्तकातल्या जगाचा, अख्खा ॲटलास काढला, त्यावरून चाहत्यांनी बांधलेले हे चार टप्पे: रिव्हेन्डेलपर्यंत ४५८ मैल, तिथून लोथलोरिएन ४६२, तिथून राउरॉस ३८९ आणि शेवटचा मॉर्डोरचा ४७०. एकूण १७७९ मैल, म्हणजे २८६३ किलोमीटर.

माझे नियम तुमच्यापेक्षा थोडे कडक आहेत. घरातली पावलं धरायची नाहीत, भाजी आणायला गेलो तर ती धरायची. मोबाइल आणि घड्याळ यांचं जमत नसेल (कधीच जमत नाही) तर कमी आकडा घ्यायचा. आणि तिसरा नियम, ज्यानं माझी पुरती वाट लावली: जेवढं चाललो तेवढंच वाचायचं. फ्रोडो ब्रीमध्ये पोचला असेल, पण मी पोचलो नसेन, तर पुस्तक मिटायचं.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला सकाळी कडुलिंबाचा पाला खाऊन निघालो. रोजचा रस्ता कोथरूडकडून वेताळ टेकडीवर, वेताळबाबाच्या देवळापर्यंत, खाणीच्या कडेनं वळसा घालून खाली. यात एक जुना हिशेबही चुकता होतोय. माझ्या पिढीचा पहिला सुपरहिरो कुणी उडणारा नव्हताच, तो वेताळ होता. १९३६ साली ली फॉकनं वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणलेला फॅन्टम, जो इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे वेताळ होऊन आला. त्याला एकही अद्भुत शक्ती नाही. मुखवटा, घोडा, लांडगा, कवटीची अंगठी आणि एकवीस पिढ्यांची अफवा, बस्स. इंग्रजीत त्याचं बिरुदच 'चालणारं भूत' असं आहे. अंगठी घातलेला चालणारा माणूस आणि अंगठी टाकायला चालणारा माणूस, दोघं एकाच टेकडीवर भेटले याचं मला पहिल्या दिवशी फार कौतुक वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्यावर कौतुक ओसरलं.

रिव्हेन्डेलला मी १३६व्या दिवशी पोचलो, श्रावणात. फ्रोडोनं ते अंतर २३ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर एवढ्यात कापलं. त्यात टॉम बॉम्बाडिलच्या घरचा मुक्काम धरा, शिवाय खांद्यात सुऱ्याचा घाव. हे आकडे समोर ठेवून चाललं की टॉल्किनच्या मेहनतीचा अंदाज येतो. नकाशा आधी आणि गोष्ट त्याबरहुकूम, अशी त्याची पद्धत. चंद्राच्या कलासुद्धा तारखांशी ताडून घेतलेल्या. २००१च्या सिनेमात मात्र बिल्बोच्या (ज्याच्याकडून फ्रोडोला अंगठी मिळते) वाढदिवसानंतर फ्रोडो जणू पुढच्या आठवड्यात निघतो. पुस्तकात मध्ये सतरा वर्षं जातात, तो निघतो तेव्हा पन्नाशीचा असतो. मी सत्तेचाळीसचा आहे, म्हणून हा मुद्दा मी जरा जास्तच लावून धरतो हे कबूल.

याच सुमारास आत्याशी बोलणं झालं. आत्या खालच्या मजल्यावर राहते, वय चौऱ्याहत्तर, अकरा वाऱ्या झाल्यात. रोज संध्याकाळी बूट घालून मी कुठं उलथतो याची तिला चौकशी. सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाली,

"एक अंगठी टाकायला एवढी तंगडतोड? विहिरीत टाकायची की."

मला हसू आलं, कारण अंगठीचं काय करायचं ते ठरवायला रिव्हेन्डेलमध्ये एलरॉन्डची सभा भरते, तिथं ग्लॉरफिंडेल जवळजवळ हेच म्हणतो: समुद्रात बुडवून टाका. जादूगार गॅन्डाल्फ त्याला उत्तर देतो की पाण्याच्या तळाशीही काय काय असतं, आणि आज समुद्र आहे तिथं उद्या जमीन होऊ शकते. तात्पुरता नको, कायमचा निकाल हवा. आत्याला हे सांगितलं. तिनं शेंगा सोलता सोलता विचार केला.

"बरोबर आहे त्याचं. विहीर कधी ना कधी उपसतातच."

मग तिनं विचारलं मुक्काम कुठं कुठं होते, जेवणाचं कोण बघायचं. फ्रोडोचा सोबती सॅम भांडी पाठीवर वाहतो म्हटल्यावर तिला तो मुलगा एकदम पसंत पडला.

आता दुखणं. दिवाळी झाली आणि मोरियाच्या, म्हणजे डोंगराखालच्या अंधाऱ्या खाणींच्या, दारात टाच गेली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. डॉक्टरांनी तळव्याच्या शिरेला सूज आहे म्हणून सांगितलं, चालणं बंद, आणि पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून ती पायाखाली लाटण्यासारखी फिरवायची. सोळा दिवस. आता मोरिया पश्चिम दारापासून पूर्व दारापर्यंत सरळ रेषेत धरलं तरी चाळीस मैल. फ्रोडो आणि त्याच्या सोबतची मंडळी ते तीन दिवसांत पार करतात. मी तिसऱ्या नियमामुळे सोळा दिवस अंधारात, त्याच पानावर. त्या मंडळींतल्या पिपिननं विहिरीत दगड टाकलाय, खालून ठोक ठोक आवाज येतोय, आणि मी सोफ्यावर बाटली फिरवत बसलोय.

तेव्हा सुट्टीला आलेला भाचा मदतीला आला. नववीत आहे, सुपरहिरो सिनेमांची तारीखवार यादी तोंडपाठ. रोज रात्री एक सिनेमा असं ठरलं. आणि पाय बांधून घातलेल्या माणसाला जे दिसतं ते मला तिथं दिसलं: या सिनेमांत कुणाला कुठं पोचायला वेळच लागत नाही.

२०१२ सालचा बॅटमॅन घ्या, दिग्दर्शक नोलनच्या मालिकेतला शेवटचा. ब्रूस वेनची पाठ मोडून त्याला जगाच्या कुठल्या तरी टोकाला एका खड्ड्यात टाकलंय. तो वर चढून येतो, दोर न बांधता, आणि तो प्रसंग उत्तमच आहे. बाहेरचं ते उजाड दृश्य जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याजवळ चित्रित केलंय. खिशात दमडी नाही, पासपोर्ट नाही, तिकडे त्याच्या गॉथम शहराचे पूल उडवलेले. पुढच्या वेळी दिसतो तेव्हा साहेब गॉथममध्ये हजर, दाढी नीट. भाचा म्हणाला, "मामा, तो बॅटमॅन आहे." अरे पण जोधपूरहून निघाला तर निदान स्टेशनवर तरी दाखवा! त्या खड्ड्यातून चढायला किती कष्ट पडले हे दाखवायला वेळ आहे, पण हजारो मैल ओलांडायला एक दृश्यही नाही. नोलननं आधीच्या दोन सिनेमांत शहराचा एकेक बोळ खरा करून दाखवला होता, म्हणून इथं जास्त खटकतं.

याउलट २००४चा दुसरा स्पायडरमॅन. पीटरची शक्ती मधूनच दगा देते, तो छतावर अडकतो, आणि खाली यायला पूर्ण पोशाखात लिफ्टमध्ये शिरतो. शेजारी एक साधा माणूस. दोघं समोर बघत उभे. तो माणूस पोशाखाचं कौतुक करतो. पीटर सांगतो की जरा खाजतो, आणि जांघेत वर सरकतो. पुन्हा शांतता. लिफ्ट आपली मजला मजला उतरतेय. मी हा प्रसंग त्या रात्री तीनदा लावला. इमारत किती उंच आहे हे मला आधीच्या सगळ्या झोक्यांत कळलं नव्हतं, ते या अवघडलेल्या लिफ्टमध्ये कळलं.

२०१७चा 'लोगन'ही याच कारणासाठी टिकतो. मेक्सिकोच्या सीमेपासून नॉर्थ डाकोटापर्यंत गाडी, मागच्या सीटवर नव्वदीचा आजारी म्हातारा आणि एक मुलगी, पेट्रोल पंप, मोटेल, औषधाच्या वेळा. ज्याची जखम क्षणात भरायची तो लोगन आता लंगडतो. माझी टाच बाटलीवर होती, त्यामुळे मी निःपक्षपाती परीक्षक नव्हतो.

भाच्यानं अर्थातच उलटा डाव टाकला: "मग गरुडांवर बसून का नाही गेले?"

हा प्रश्न कधीतरी येणारच असतो. मी त्याला माझं मत सांगितलं, की पुस्तकातले ते प्रचंड गरुड शेवटी येतात ते काम झाल्यावर, फ्रोडो आणि सॅम या दोन अर्धमेल्या पोरांना उचलायला. आधी आले असते तर गोष्ट वीस पानांत संपली असती आणि अंगठीच्या मागे लागलेल्या गोलमला जागाच उरली नसती, आणि गोलम नसता तर अंगठी आगीत पडलीच नसती. कारण काठावर उभा राहिल्यावर फ्रोडोचं मन फिरतं हे विसरू नका. भाच्यानं विचारलं की मग 'ॲव्हेंजर्स: एन्डगेम'मध्ये शेवटी हवेत जादूच्या दारांची सोनेरी कडी उघडून सगळे एका दमात येतात तेव्हा तू शिट्टी का मारली होतीस? २०१९ साली थिएटरमध्ये त्याला मीच मांडीवर घेऊन गेलो होतो, त्यामुळे नाकारता येईना. मारली होती. तीन दिवस विचार करून उत्तर सापडलं ते असं: तिथं मैल नाहीत, पण वर्षं आहेत. ती माणसं पाच वर्षं नाहीशी होती आणि आपणही मागच्या सिनेमानंतर खऱ्या आयुष्यात एक वर्ष थांबलो होतो. अंतर कुठं तरी चुकतं केलेलं असलं की दार उघडलेलं चालतं. तिथून पुढच्या सिनेमांत तीच कडी रिक्षासारखी वापरायला लागले, मग मात्र अंगावर काटा येईना.

उडण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उड्डाण बघा ना. वाल्मीकी हनुमानाला उडवायच्या आधी सगळ्या वानरांना ओळीत बसवून हिशेब विचारतो. कुणी म्हणतो दहा योजनं, कुणी वीस. जांबवान म्हणतो आता वय झालं, नव्वद जमतील. अंगद म्हणतो शंभर जाईन, पण परत यायचं सांगता येत नाही. हे वाक्य मला फार आवडतं, एकदम ट्रेकरचं आहे. अंतर असं पक्कं मोजून ठेवलं, मग हनुमान उडाला की आपलं काळीज हलतं. वर वाटेत मैनाक आहे, सुरसा आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे पॉवर लेव्हल." असू दे.

आता नदी. लोथलोरिएन सोडल्यावर मंडळी होड्यांत बसतात. ३८९ मैल, म्हणजे माझे ६२६ किलोमीटर, ११६ दिवस. आणि पुस्तकात? मुख्य प्रवासाला एक प्रकरण. एकच! २३ जानेवारीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत मी एक प्रकरण वाचत होतो. दिवसाला दीड-दोन परिच्छेद. एका आठवड्यात फक्त किनारा ओसाड झाला. होडीत बसून गेलेलं अंतर पायी का मोजायचं यावर तुमच्यातल्या काहींनी पूर्वी वाद घातला होता. मी तेव्हा शुद्धतेच्या बाजूनं बोललो होतो, ते शब्द मागे घेतो.

त्या उपासमारीत 'अर्थसी' ही बेटांच्या जगातली कादंबरीमालिका हाती घेतली. अर्सुला ले ग्विनचं पहिलं पुस्तक १९६८चं. तिनंही आधी बेटांचा नकाशा काढला. नायक गेड हा वारा बोलावता येणारा जादूगार आहे, तरी तो बहुतेक वेळा छोट्या होडीत ओला होऊन, उपाशी, शीड ओढत बसलेला असतो. वारा हवा तसा का वळवत नाही? कारण इथं पाऊस पाडला तर तिकडच्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. धरणाच्या पाण्यावरून तालुक्यातालुक्यांत भांडणं बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुस्तक जेमतेम दोनशे पानांचं, पण संपल्यावर खारट वाटत राहतं. कुणी पुढची वाचत असाल तर सलग वाचू नका, तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये तिनं अठरा वर्षं जाऊ दिली होती, निदान एक पावसाळा तरी मध्ये सोडा.

१९ मेला राउरॉस. आत्याला सांगितलं, तिनं साखर ठेवली हातावर. आता फ्रोडो आणि सॅम दोघंच, त्यामुळे वाचायला भरपूर आहे आणि पुढचे काही महिने मी नोंदी टाकत राहीन. बूट दुसरे घेतले. पहिल्या जोडीचा डावा तळ बाहेरच्या कडेनं पूर्ण झिजलाय, माझं पाऊल वाकडं पडतं हे चारशे दिवसांनी बुटानं सांगितलं. टाच ठीक आहे, बाटली अजून फ्रीजरमध्ये आहे.

कालचे ५.८. वळवाचा पाऊस, खाणीकडची वाट निसरडी, म्हणून देवळापासूनच परत. वर धुकं होतं आणि सॅमच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही त्याच त्या खडकाभोवती पुन्हा फिरतोय.